पोटखराब्यातला हत्ती

सुट्टीत गणपतीपुळ्याच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. तशाच एका सुट्टीत राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या सड्यावर मला गुरांमागून चाललेल्या एका आजोबांखेरीज कोणी भेटले नाही. पुरातत्त्वाची पदवी माझ्याकडे नाही. जे शिकलो ते बरेचसे अशाच माणसांकडून. आजोबांनी काठीने जांभ्यात कोरलेली रेघ दाखवली. तिच्या कडेकडेने पुरती फेरी मारली, तेव्हा उमगले की हा हत्ती आहे. लांबी सुमारे १८ मीटर, आणि अंगभर मासे, पक्षी, जनावरे.

कोकणातल्या काही कातळशिल्पांत गेंडाही आहे. आज इथे गेंडा नाही. कोरणाऱ्याने तो कुठेतरी पाहिला असणार.

सातबाऱ्यावर मात्र अशा कातळाची नोंद बहुधा ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीस अयोग्य. पीक नाही म्हणजे काहीच नाही, असे आपण धरून चालतो आणि तिथे चिरेखाण काढतो. खाणीत गेलेली रेघ पुन्हा मिळत नाही. याच कातळावर पावसाळ्यात सीतेची आसवे फुलतात, गुरे चरतात.

२०२२ मध्ये कशेळीसह कोकणातली कातळशिल्पे युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली. आता इथेही गर्दी होईल. निवांत मुलूख शोधत सड्यावर जाणाऱ्यांना एवढेच सांगणे : रेघेवर पाय देऊ नका, आणि पाऊल टाकण्याआधी गुराख्याला विचारा. आपल्याला रिकामी वाटणारी ती जागा त्याच्या रोजच्या वहिवाटीची असते.