ऊन चढण्यापूर्वी

मे महिन्यातले पांढरकवडा पहाटेच जागे होते. पाच-साडेपाचला अंगणात सडा पडतो, दूधवाल्यांच्या फेऱ्या सुरू होतात, आणि आठ वाजण्याच्या आत बाजारातली निम्मी कामे उरकलेली असतात. अकरानंतर रस्ते ओस पडू लागतात. दुपारी दुकानांची शटरे अर्धी ओढलेली, गल्ल्या निर्मनुष्य आणि घराघरांतून कूलरची घरघर, असे हे गाव संध्याकाळी पाचपर्यंत जणू श्वास रोखून बसलेले असते. या सहा तासांत गावातील मुले काय करतात, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात तो प्रत्येक घरात रोज संध्याकाळी निघतो. दिवसभर मोबाइलमध्ये डोके घालून बसलेला मुलगा आणि दुकान किंवा शेत सांभाळून थकून आलेले आईवडील यांच्यातील कुरबुरीचे मूळ बहुधा याच रिकाम्या दुपारीत असते.

विदर्भात ही सुटी लांबते. उर्वरित महाराष्ट्रातील शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भातील शाळांची घंटा मात्र उन्हाच्या तीव्रतेमुळे जून संपता संपता वाजते. मेच्या आरंभापासून मोजले तर हा जवळजवळ आठ आठवड्यांचा काळ होतो. पूर्वी तो मामाच्या गावाला, आमराईत, चुलत-मावस भावंडांच्या गोतावळ्यात आपोआप भरून निघत असे. आता कुटुंबे लहान झाली, मामाही नोकरीनिमित्त पुण्याला किंवा हैदराबादला गेला, आणि आमराई विकली गेली. जे पूर्वी घर करीत असे, ते आता गावाने मिळून करावे लागणार आहे. लहान मुले आणि किशोरवयीन यांच्यासाठी उन्हाळी दिवस-शिबिराची कल्पना इथे अर्थपूर्ण ठरते. मूल सकाळी यावे, चार-पाच तासांत परत घरी जावे, रात्री आपल्याच अंथरुणात झोपावे, असे तिचे साधे रूप आहे.

शिबिराची परंपरा

सुटीत मुलांना एकत्र आणण्याची रीत परदेशातून आली, असा समज आहे. तो सर्वस्वी खोटा नाही. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात फ्रेडरिक गन या शिक्षकाने १८६१ मध्ये आपल्या शाळेतील मुलांना मुक्कामासाठी निसर्गात नेले, आणि संघटित उन्हाळी शिबिराचा आरंभ तेथून मानला जातो. परंतु वऱ्हाड-विदर्भाच्या मातीलाही मुलांच्या सामूहिक शिक्षणाची स्वतःची ओळख आहे. कारंजा येथे १९१८ मध्ये ब्रह्मचारी देवचंद यांनी महावीर ब्रह्मचर्याश्रम हे गुरुकुल स्थापन केले. पुढे मुनी समंतभद्र म्हणून ते ओळखले गेले, आणि १९३४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील बाहुबली येथेही त्यांच्याच प्रेरणेने गुरुकुल उभे राहिले. पाठांतराइतकेच महत्त्व तेथे स्वावलंबनाला आणि एकत्र राहण्याला होते. वर्धा येथे १९३७ च्या शिक्षण परिषदेतून नई तालीमचा विचार पुढे आला आणि हाताने केलेल्या कामातून शिकणे हे त्याचे सूत्र ठरले. चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे बाबा आमटे यांनी सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी तर ऐन मे महिन्यात भरते, आणि तरुण मुले-मुली त्या उन्हातही कुदळ-फावडे हाती घेतात.

ही तिन्ही उदाहरणे निवासी शिक्षणाची आहेत. रोजच्या रोज घरी परतणाऱ्या मुलांसाठी काय करता येते, हे पाहायचे तर पुण्याच्या गरवारे बालभवनाकडे पाहावे लागते. शोभा भागवत यांनी दीर्घकाळ सांभाळलेल्या त्या बालभवनात मुले येतात, खेळतात, हाताने काही करतात आणि घरी जातात. गुण नाहीत, परीक्षा नाही. पांढरकवड्यासारख्या तालुक्याच्या गावाला तेवढी जागा आणि तेवढे शिक्षक मिळणार नाहीत हे खरे, पण त्यामागचा विचार उसना घेण्यास पैसे लागत नाहीत.

वेळेचा हिशोब

पांढरकवड्यात शिबिर भरवायचे तर पहिला निर्णय वेळेचा, आणि तो घड्याळाकडे पाहून नव्हे, सूर्याकडे पाहून घ्यावा लागतो. मैदानी प्रदेशात कमाल तापमान ४५ अंशांवर गेले की हवामान खाते उष्णतेची लाट जाहीर करते, आणि विदर्भात मेमध्ये हा आकडा नवलाचा नाही. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि नवतपा सुरू होतो. त्या नऊ दिवसांत मैदानी खेळ बंदच ठेवणे शहाणपणाचे. एरवी सकाळी साडेसहा ते साडेदहा ही वेळ योग्य. त्यातही पहिले दोन तास मोकळ्या मैदानात, पुढचे दोन तास जाड भिंतींच्या सभागृहात किंवा कडुनिंबाच्या दाट सावलीत. साडेदहाला मूल घराच्या उंबऱ्याच्या आत असावे. दूरवरून येणाऱ्या मुलांसाठी वाहनाची व्यवस्था याच हिशोबाने व्हावी.

माठाचे गार पाणी, ताक आणि कैरीचे पन्हे हा शिबिराचा खाऊ. बर्फाचे गोळे आणि रंगीत पेये फाटकाबाहेर. एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे जलसंजीवनीचे प्रमाण प्रत्येक मुलाला तोंडपाठ असावे. ते त्याच्या घरी आजोबांच्याही उपयोगी पडेल. मुलाला मळमळू लागले, डोके दुखू लागले, तो गप्प-गप्प राहू लागला, तर खेळ थांबवून त्याला सावलीत नेणे, कपडे सैल करणे आणि ओल्या फडक्याने अंग पुसणे हे प्रत्येक स्वयंसेवकाला आले पाहिजे. मूल बोलण्यात गोंधळू लागले किंवा त्याची शुद्ध हरपू लागली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता त्याला थेट रुग्णालयात न्यावे.

सुरक्षिततेची दुसरी बाजू मौनात ठेवली जाते, ती ठेवू नये. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे. त्याचा साधा व्यवहारी अर्थ असा, की एकटे मूल आणि एकटा प्रौढ बंद खोलीत कधीही राहणार नाही, प्रत्येक गटाबरोबर दोन प्रौढ असतील आणि त्यांत एक स्त्री असेल. ओळखीचा माणूस आहे म्हणून नियम शिथिल करण्याचा मोह लहान गावात फार मोठा असतो. नियम सर्वांना सारखा असला, तर कोणाच्याही मनाला लागत नाही.

गावच पाठ्यपुस्तक

शिबिरात शिकवायचे काय? सुलेखन, चित्रकला, गायन हे आहेच. सुटीतील पाठशाळेत सूत्रांचे पाठांतरही होते. परंतु पांढरकवड्याजवळ असे काही आहे, जे मोठ्या शहरातील महागड्या शिबिरात मिळणार नाही.

पहिले म्हणजे कापूस. या परिसराचे अर्थकारण पांढऱ्या सोन्यावर उभे आहे. रुईची एक गाठ १७० किलोची असते, आणि शंभर किलो कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते. मग एका गाठीसाठी कापूस किती लागेल? सहावीतला मुलगा हे गणित कागदावर सोडवतो तेव्हा उत्तर येते सुमारे पाच क्विंटल. त्याच गणितात एखादी मुलगी सांगू शकते की तिची आई दिवसभरात किती किलो कापूस वेचते, आणि मग त्या पाच क्विंटलमागे किती दिवस वाकलेली पाठ आहे हे सगळ्यांना कळते. व्यापाऱ्याच्या घरी वाढणाऱ्या मुलाला भाव ठाऊक असतो, शेतकऱ्याच्या घरच्या मुलीला वेचणी ठाऊक असते. एकाच सतरंजीवर बसून दोघांनी हे एकमेकांना सांगणे, यापेक्षा चांगला अर्थशास्त्राचा धडा कोणता?

दुसरे म्हणजे टिपेश्वर. सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले. तेथे जन्मलेल्या एका तरुण वाघाला २०१९ च्या फेब्रुवारीत रेडिओ कॉलर बसवण्यात आली. त्या जूनमध्ये तो घर सोडून निघाला. तेलंगणातील आदिलाबाद, मग नांदेड, हिंगोली, वाशीम असे शेत-ओढे-रस्ते ओलांडत डिसेंबरमध्ये तो बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तोपर्यंत त्याने तेराशे किलोमीटरहून अधिक अंतर चालून काढले होते, आणि पुढे एकूण भटकंती सुमारे तीन हजार किलोमीटरची मोजली गेली. भिंतीवर नकाशा लावून त्याचा मार्ग दोऱ्याने आखला, तर भूगोल, प्राणिशास्त्र आणि धाडसकथा एकाच सकाळी शिकून होतात.

किशोरवयीनांसाठी याच विषयाची अवघड बाजू आहे. पांढरकवडा वनविभागात तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका असलेली टी-१ म्हणजेच अवनी ही वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी राळेगाव तालुक्यातील बोराटी परिसरात गोळी घालून मारण्यात आली. देशभर वाद पेटला. एका बाजूला शेतात जायला घाबरणारी, माणसे गमावलेली गावे होती, दुसऱ्या बाजूला दोन बछड्यांची आई. अहिंसेचे संस्कार घेणाऱ्या मुलांनी या प्रश्नाला तोंड द्यायचे कसे? अर्ध्या मुलांनी गावकऱ्यांची बाजू मांडावी, अर्ध्यांनी वाघिणीची, आणि दुसऱ्या दिवशी बाजू बदलून पुन्हा बोलावे. अनेकांताची व्याख्या पाठ करणे सोपे असते. ज्याच्या घरातला माणूस गेला त्याचे ऐकून घेतानाच वाघिणीविषयीची करुणाही न सोडणे, यात त्या व्याख्येची परीक्षा आहे.

दार कोणासाठी उघडे?

सर्वांत कठीण प्रश्न शेवटी येतो. शिबिर कोणाच्या मुलांसाठी? समाजाची वास्तू, समाजाचा निधी, म्हणून समाजाचीच मुले, हा विचार स्वाभाविक आहे. मात्र लहान गावात समाजाची घरे मोजकी असतात. दहावीनंतर मुले नागपूर, पुणे किंवा कोटा गाठतात, आणि अनेकदा एका वयाच्या मुलांचा खेळापुरता गटही जमत नाही. दार उघडले, तर आपल्या मुलांनाच सवंगडी मिळतात.

आणि दारापर्यंत न येऊ शकणाऱ्यांचे काय? केळापूर तालुक्यात गोंड आणि कोलाम वस्त्या आहेत. मेमध्ये तेथील मुले पहाटेच घरच्यांबरोबर तेंदूपत्ता तोडायला जंगलात जातात. शेतकऱ्याची मुले पऱ्हाटी उपटतात, धसकटे वेचतात, कारण मृगापूर्वी शेत तयार हवे. त्यांच्यासाठी सकाळी साडेसहाची वेळ म्हणजे बंद दारच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना हीच अडचण कोसबाडच्या टेकडीवर आली होती. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली, आणि तिला कुरणशाळा म्हटले. पांढरकवड्यातही आठवड्यातून दोन संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, चार स्वयंसेवक गोष्टींची पुस्तके आणि चेंडू घेऊन एखाद्या पोडावर गेले, तर शिबिराला दुसरे अंगण मिळेल. तेथे शिकवण्याइतकेच शिकण्यासारखेही आहे. जंगलातील झाडे, पाखरे आणि वाटा त्या मुलांना अशा ठाऊक आहेत, की गावातल्या मुलांनी त्यांच्यामागून चालावे.

हे स्वयंसेवक कोण? उत्तर शिबिरातच आहे. चौदा ते सतरा या वयाच्या मुलांना लहान मुलांबरोबर बसवले की ती कंटाळतात, तिसऱ्या दिवसापासून येत नाहीत. त्यांना जबाबदारी दिली तर मात्र ती रमतात. प्रत्येकाकडे पाच लहान मुले सोपवावीत, त्यांची हजेरी, त्यांचे पाणी, त्यांची भांडणे त्यानेच पाहावीत. शेजारी एखादा प्रौढ लक्ष ठेवून असावा, पण पुढे होऊ नये. ज्याला घरी कोणी काही विचारीत नाही, अशा नववीतल्या मुलाला सात वर्षांची मुलगी 'दादा, आता काय करायचे?' म्हणून विचारते, तेव्हा त्याचा खांदा आपोआप ताठ होतो. प्रमाणपत्राने ते होत नाही.

शिबिराच्या शेवटी रोषणाईचा समारंभ, पाहुण्यांची भाषणे आणि भेटवस्तू यांवर होणारा खर्च टाळता येईल. त्याऐवजी प्रत्येक मुलाने एक मातीचे परळ घरी न्यावे, छपराच्या सावलीत ठेवावे आणि शाळा उघडेपर्यंत रोज सकाळी त्यात पाखरांसाठी ताजे पाणी भरावे. शिबिर पंधरा दिवसांत संपते. जूनअखेर पहिला पाऊस पांढरकवड्यावर कोसळेल, तेव्हा एखादे मूल ते परळ आत घ्यायला धावत गच्चीवर जाईल. शिबिरातून काय मिळाले, हे पालकांना त्या वेळी दिसेल.