करकंबमधून वेब डेव्हलपरची पहिली नोकरी

करकंबच्या पोरांनो, कोर्स झाला, सर्टिफिकेट आलं, तरी मुलाखतीचा फोन येत नाही? तुमचं काम कुणाला दिसतच नाही ना! गावातल्या एखाद्या ठिबकच्या दुकानाची साइट बनवा. ५ एमबीचा फोटो २०० केबीवर आणा. एचटीएमएलमध्ये लँग 'एमआर' लिहा, म्हणजे स्क्रीन रीडरला मजकूर मराठी आहे हे कळतं. मग शेतात, कमी रेंजमध्ये, साध्या मोबाइलवर उघडून बघा. गिटहब पेजेसवर ती फुकट चढते. मुलाखतीत हेच सांगा: काय अडलं, कसं सोडवलं.

शिकायला एमडीएन आणि २०१४ पासूनचं फ्रीकोडकॅम्प, दोन्ही मोफत. नुसतं हिंजवडी नको, सोलापुरातल्या छोट्या एजन्सींनाही लिंक पाठवा. आणि नोकरीसाठी डिपॉझिट मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका!