विश्लेषण : रजिस्ट्री ‘साफ’ केल्याने संगणक खरेच वेगवान होतो का?

संगणक मंदावला, की ‘रजिस्ट्रीत शेकडो दोष आढळले, आत्ताच दुरुस्त करा’ असे लाल अक्षरांत बजावणारी सॉफ्टवेअर इंटरनेटवर लगेच सापडतात. अनेकदा तपासणी फुकट असते, दुरुस्तीला मात्र पैसे मोजावे लागतात. पण या सफाईने वेग वाढतो का?

रजिस्ट्री म्हणजे काय?
विंडोज आणि त्यावरील प्रोग्रॅम यांच्या सेटिंग्जची ही मध्यवर्ती नोंदवही. कोणती फाइल कशात उघडायची, संगणक सुरू होताना आपोआप काय चालू व्हायचे, अशा गोष्टी तिथे नोंदलेल्या असतात. विंडोज ९५ पासून तिचे महत्त्व वाढले.

जुन्या नोंदींमुळे वेग कमी होतो?
प्रोग्रॅम काढून टाकला तरी त्याच्या काही नोंदी मागे राहतात, हे खरे. मात्र विंडोज ही वही पहिल्या पानापासून वाचत बसत नाही. हवी ती नोंद ठरलेल्या ठिकाणाहून थेट उचलते. त्यामुळे लाखो नोंदींपैकी काहीशे पुसल्या, तरी जाणवण्याइतका फरक सहसा पडत नाही.

धोका कोणता?
‘निरुपयोगी’ समजून पुसलेली नोंद कामाची निघाली, तर एखादा प्रोग्रॅम किंवा खुद्द विंडोजच बंद पडू शकते. अशा सॉफ्टवेअरच्या वापराला मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही. बिघाड झाल्यास विंडोज नव्याने टाकावी लागू शकते, असे कंपनीने स्पष्ट केले आहे. २०१७ मध्ये ‘सीक्लीनर’ या लोकप्रिय सफाई सॉफ्टवेअरच्या अधिकृत आवृत्तीतच हॅकरनी घातक कोड घुसवला होता. ही आवृत्ती सुमारे २२ लाख ७० हजार वापरकर्त्यांपर्यंत पोहोचली.

भीतीचा व्यापार कसा चालतो?
संगणक दुरुस्तीची सॉफ्टवेअर विकणाऱ्या रेस्टोरो आणि रीइमेज या कंपन्यांनी खोटी भीती घालून ग्राहकांकडून पैसे उकळल्याचा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने केला होता. २०२४ मध्ये २ कोटी ६० लाख डॉलर देण्याच्या अटीवर हे प्रकरण मिटले.

मग उपाय काय?
टास्क मॅनेजरमधील ‘स्टार्टअप’ विभागात जाऊन आपोआप सुरू होणारे अनावश्यक प्रोग्रॅम बंद करावेत. नको असलेले प्रोग्रॅम सेटिंग्जमधून काढावेत, सी ड्राइव्हमध्ये मोकळी जागा ठेवावी आणि विंडोज सिक्युरिटीने व्हायरसची तपासणी करावी. जुन्या संगणकात हार्ड डिस्क असेल, तर तिच्या जागी एसएसडी बसवल्यास फरक लगेच दिसतो. सफाईच्या वार्षिक वर्गणीचे पैसे त्यासाठी बाजूला ठेवलेले बरे.