जुन्या सायकलला गिअर बसवावेत का?

शाळा सुरू झाली, की घरात पडून असलेली जुनी सायकल लेकीसाठी बाहेर निघते. चार दिवसांत ती म्हणते, "आई, लई जड चालते, गिअर बसव ना." गटातून कर्ज उचलण्याआधी एवढं ऐका.

आधी सायकल जड का चालते ते बघा. हवा भरा, चेन पुसून तेल द्या. चाक उचलून फिरवा. ब्रेक घासत असेल तर सैल करून घ्या. पायडल खाली गेल्यावर गुडघा थोडासाच वाकेल, एवढी सीट वर घ्या. पुष्कळदा त्रास इथंच कमी होतो.

तरीही जड वाटली, तर दाते मोजा. पुढच्या चक्राला 44 आणि मागच्या फ्रीव्हीलला 18 दाते असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात 28 इंची चाकाची सायकल सुमारे 18 फूट जाते. मागं 22 दात्यांचं फ्रीव्हील टाकलं, तर पावणेपंधरा फूट जाते. अंतर कमी, पण पायावरचा जोरही कमी. सपाटीला मात्र पाय जास्त मारावे लागतात. चेन थोडी वाढवावी लागते. चेनच्या 24 कड्या 12 इंचांपेक्षा लांब भरल्या, तर ती झिजली. फ्रीव्हीलबरोबर तीही बदला.

पुरे गिअर बसवायचे, तर मागचं चाक, चेन, वायर, खटका सगळंच बदलतं. जुन्या सायकलच्या मागच्या चिमट्यात गिअरचं चाक सहसा मावत नाही. शिवाय काळ्या रानातला चिखल गिअरमध्ये अडकतो.

मग ठरवायचं कसं? रोजचा रस्ता बघून. नीरा डाव्या कालव्याच्या कडेचा रस्ता जवळपास सपाट. तिथं गिअर नकोत. आषाढात इंदापूरकडून बारामतीकडं येताना वारा समोरून लागतो, किंवा मागं दुधाची किटली असते, तिथं मोठं फ्रीव्हील पुरतं. वाटेत रोजच मोठे चढ असतील, तर जुनीवर पैसे घालू नका. गिअरचीच सायकल बघा, वापरलेली असली तरी चालेल.

आणि मिस्त्रीकडं जाताना लेकीला सोबत न्या. चालवणार ती आहे. सायकल जड म्हणून तिची शाळा सुटायला नको.