दातांचे अंदाजपत्रक

दूध, गॅस, मुलांची फी, दिवाळीचे कपडे, या सगळ्यांचा हिशेब घरात पगाराच्या दिवशीच मांडला जातो. दातांचा मात्र कुणी मांडत नाही. दाढ ठणकली की आधी लवंग, मग मेडिकलमधली गोळी आणि रात्रीची झोप उडाली की डॉक्टर! तोवर खर्च बऱ्याच पायऱ्या चढलेला असतो.

कीड वरवर असेल तर बहुधा एकाच बैठकीत खड्डा बुजवता येतो. ती आतल्या नसेपर्यंत पोचली की रूट कॅनल आले. नंतर दाढ ठिसूळ होते म्हणून बहुतेक वेळा वर टोपी बसवावी लागते आणि तिचे पैसे वेगळे असतात. नेमका इथेच अंदाज कोसळतो. दाढ काढणे स्वस्त वाटते. पण रिकाम्या जागेकडे शेजारचे दात कलू लागतात आणि पुढे ब्रिज किंवा इम्प्लांटचा खर्च उभा राहतो.

म्हणून मी म्हणते, डॉक्टरांकडून अंदाज लेखी घ्यावा. बैठका किती? टोपी धरून एकूण किती? टोपी धातूची की सिरॅमिकची? तातडीचे काय आणि थांबण्यासारखे काय? यात संकोच कसला?

आमचे जवाहरनगर वसले ते आयुध निर्माणीच्या आधाराने. २०२१ मध्ये ही निर्माणी म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे गेली. नोकरदारांनी ऐकीव नियमांवर विसंबू नये. कोणत्या उपचाराचे पैसे मिळतात आणि परवानगी आधी लागते का, हे उपचारापूर्वीच विचारावे. ठेकेदाराकडच्या कामगाराने किंवा दुकानदाराने आरोग्यविमा काढला असला, तरी साध्या पॉलिसीत अपघात सोडल्यास दातांचा खर्च सहसा बसत नाही. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय १९६८ पासूनचे. तिथे खर्च कमी येतो, मात्र प्रवासभाडे आणि बुडालेली रोजी हिशेबात धरायलाच हवी.

आणि आपला खर्रा! दिवसाला २० रुपयांचा धरला तरी वर्षाचे ७,३०० रुपये होतात. सुपारी-तंबाखूने तोंड उघडेनासे झाले, तर डॉक्टरांना तपासायचीही पंचाईत.

महिन्याला २०० रुपये दातांच्या नावाने बाजूला ठेवले, तर वर्षाला २,४०० जमतात. त्यातून घरातल्यांची नियमित तपासणी आणि एखादा लहान खड्डा निभावतो. पण या पैशांवर पहिला हक्क कुणाचा, हेही ठरवावे. मुलांचे झाले, यांचे झाले, मग बघू, असे म्हणत घरातली बाई वर्षानुवर्षे एकाच बाजूने चावत राहते. यंदाच्या अंदाजपत्रकात तिचे नाव सगळ्यात वर लिहा.