दहा फुटांची सावली

आम्ही दिवाणी न्यायालयात वकिली करतो. वाटणीचे दावे आम्हाला नवे नाहीत. दोन सख्खे भाऊ, बापाने बांधलेले एक घर, आणि भिंत कुठून घालायची यावरून वर्षानुवर्षे चाललेले भांडण! शेवटी कोर्ट कमिशनर टेप घेऊन येतो, विहिरीचा हिस्सा, अंगणाचा हिस्सा नकाशावर मांडतो आणि त्या दिवसापासून चुलत भावंडे एकमेकांना परकी होतात. म्हणूनच अमिताव घोष यांच्या 'द शॅडो लाइन्स' या इंग्रजी कादंबरीतले ढाक्याचे घर वाचताना आम्हाला हसूही आले आणि अंगावर काटाही आला.

ही कादंबरी १९८८ ची. १९८९ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. त्यातल्या घराचे मालक दोन भाऊ, आणि दोघेही वकील! त्यामुळे वाटणी कायद्याला धरून, इंच-इंच मोजून झाली. भिंत दरवाजांच्या मधून गेली, संडासातल्या भांड्याच्याही मधून गेली. बापाच्या नावाच्या पाटीचेसुद्धा दोन भाग पडले आणि त्यावरची नावे इतकी बारीक झाली की कुणाला वाचता येईनात. मग मोठी बहीण धाकटीला गोष्टी सांगू लागली: भिंतीपलीकडे काकांकडे सगळे उलटे चालते, तिथे जेवणाची सुरुवात मिठाईने होते आणि शेवट डाळीने. कालपर्यंत ज्यांच्या ताटात जेवले, त्यांच्याबद्दल एका भिंतीमुळे अशा दंतकथा तयार झाल्या. पुढे १९४७ च्या जुलैत सर सिरिल रॅडक्लिफ नावाचे आणखी एक वकील लंडनहून आले आणि पाच-सहा आठवड्यांत त्यांनी पंजाब आणि बंगालचे वाटप उरकले.

ती मोठी बहीण म्हणजे निवेदकाची आजी. कलकत्त्यात शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, करारी, देशाभिमानी बाई. १९६४ च्या जानेवारीत ती ढाक्यात राहिलेल्या म्हाताऱ्या काकांना आणायला निघते. विमानातून सीमा दिसेल का, निदान एखादा खंदक तरी असेल ना, असे ती विचारते. फॉर्म भरताना जन्मस्थानाच्या रकान्यात ढाका लिहावे लागते आणि राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात भारत. आयुष्यभर नीटनेटकी राहिलेली ही बाई त्या दोन रकान्यांपाशी गोंधळते. ढाक्याला आपण 'येतो' की 'जातो', हेही तिला धड सांगता येत नाही.

समीक्षकांनी या कादंबरीचे कौतुक केले ते याच धाग्यावरून. सीमा म्हणजे नुसत्या सावल्यांच्या रेषा, खरी ती माणसांची आठवण आणि नाती, असे त्यांचे म्हणणे. आम्हाला ते अर्धेच पटते. अर्धे का, ते सांगतो.

कादंबरीत एक छोटा प्रसंग आहे, ज्यावरून बहुतेक वाचक पुढे निघून जातात. ढाक्यातले ते काका आता अंथरुणाला खिळले आहेत. खलील नावाचा मुसलमान सायकलरिक्षावाला त्यांचा सांभाळ करतो आणि त्याची बायको त्यांना रांधून घालते. हे ऐकून आजी चकित होते. कारण एके काळी हे गृहस्थ इतके सोवळे होते की मुसलमानाची सावली आपल्या जेवणापासून दहा फुटांच्या आत येऊ देत नसत! बरोबरची तरुण मंडळी थट्टेने विचारतात, दहा फूट कसे मोजायचे, खिशात टेप ठेवायचे का? आजी वैतागून सांगते, तेव्हाच्या लोकांना ते आपोआप कळत असे. प्रसंग संपतो आणि कादंबरी पुढे जाते.

आम्ही मात्र तिथेच अडलो. ही कादंबरी सावलीच्या रेषांची, आणि खरीखुरी सावली तिच्यात आली ती अशी, थट्टेवारी. पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्यांच्या सावलीचे काय होत असे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिप्रथेचे विध्वंसन' या भाषणात मांडलेच आहे. आमच्या आजोबांच्या पिढीला विहिरीपासून किती पावले दूर उभे राहायचे, हे टेपशिवाय कळत होते. न कळून कुणाला सांगतात! रॅडक्लिफसाहेबाच्या फार आधीपासून या देशात रेषा आखणारे हात तयार होते. ढाक्याच्या घरातली भिंत आणि बंगालमधली सीमा या त्याच हातांना पुढे सुचलेल्या गोष्टी, असे आम्हाला वाटते. घोष यांना हे जाणवले नसेल असे नाही. जाणवले नसते तर तो प्रसंग आलाच नसता. पण त्यांचे निवेदक घराणे भद्रलोकांचे, आणि भद्रलोकांच्या स्मृतीत ही गोष्ट गमतीच्या कप्प्यात ठेवलेली असते.

पुढे दंगल होते. जमाव रिक्षाला घेरतो; म्हातारे काका, खलील आणि निवेदकाचा लाडका काका त्रिदिब मारले जातात. श्रीनगरच्या हजरतबलमधला पवित्र केस २७ डिसेंबर १९६३ रोजी नाहीसा झाला आणि त्यावरून दंगल पेटली ती दूरवरच्या खुलन्यात, मग कलकत्त्यात, ढाक्यात. निवेदक मोठेपणी नकाशावर कंपासचे टोक खुलन्यावर टेकवून श्रीनगरपर्यंतचे वर्तुळ काढतो.

या खुलन्याशी आपले जवळचे नाते आहे. खुलना, जेसोर, बारिसाल, फरीदपूर हा नमःशूद्रांचा मुलूख, हरिचाँद आणि गुरुचाँद ठाकुरांच्या मतुआ चळवळीची भूमी. १९४६ मध्ये मुंबईने दार लावले तेव्हा जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाबासाहेबांना बंगालमधून घटना समितीवर निवडून दिले. फाळणीत ती जागा गेली. खुलन्यात तर हिंदूंचे निसटते बहुमत होते, तरी जिल्हा पाकिस्तानात गेला. मंडल पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले आणि १९५० मध्ये राजीनामा देऊन भारतात परतले.

ज्यांचे नातलग कलकत्त्यात नोकरीला होते ते आधीच निघून आले होते. मागे राहिले जमीन कसणारे, मासे धरणारे नमःशूद्र. १९६४ नंतर लोंढे आले ते त्यांचे. त्यांना छावण्या आणि दंडकारण्य मिळाले. कादंबरीत अशा विस्थापितांच्या वस्तीची ओझरती झलक दिसते. निवेदक प्रामाणिकपणे कबूल करतो की तिकडे न पाहण्याची शिकवण त्याला लहानपणापासून होती.

घोष यांच्या बाजूनेही एक सांगितले पाहिजे. पुढे २००४ मध्ये त्यांनी 'द हंग्री टाइड' लिहिली आणि तीत मरिचझापी आणली. दंडकारण्यातून सुंदरबनातल्या त्या बेटावर परतलेल्या निर्वासितांची १९७९ मध्ये डाव्या आघाडीच्या सरकारने नाकेबंदी केली, गोळ्या चालवल्या, वस्ती उठवली. मृतांच्या आकड्यावर आजही वाद आहे. मात्र याही कादंबरीत ती हकिकत आपल्यापर्यंत येते एका मास्तरांच्या वहीतून. निर्वासिताची स्वतःची वही वाचायची असेल तर मनोरंजन ब्यापारी यांचे आत्मचरित्र वाचावे. बारिसालमध्ये जन्म, छावणीत बालपण, दंडकारण्य, तुरुंगात अक्षरओळख, मग कलकत्त्यात रिक्षा. खलीलच्या बाजूने कथा सांगायची तर ती अशी असेल.

यातले काही नमःशूद्र आपल्या चामोर्शी, मुलचेरा भागात वसवले गेले. पश्चिम बंगालमध्ये ते अनुसूचित जातीत आहेत, महाराष्ट्राच्या यादीत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये मर्री चंद्रशेखर राव खटल्यात ठरवले की एका राज्यातला अनुसूचित दर्जा दुसऱ्या राज्यात सोबत नेता येत नाही. म्हणजे एक भाऊ नदियात अनुसूचित, दुसरा गडचिरोलीत कुणीच नाही. उद्या यादीत नाव आले तरी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा राज्यातल्या रहिवासाचा पुरावा मागितला जाईल, आणि त्या तारखेला यांचे गाव पाकिस्तानात होते!

मध्यंतरी त्या भागातले एक वृद्ध गृहस्थ आमच्याकडे आले होते. २०१९ चा नागरिकत्व दुरुस्ती कायदा, ११ मार्च २०२४ चे त्याचे नियम, यांचा आपल्याला उपयोग की अपाय, हे त्यांना विचारायचे होते. प्लास्टिकच्या पिशवीत छावणीतले जीर्ण कागद होते. आम्ही अर्जाचा नमुना समोर ठेवला. गावाचे नाव त्यांनी ताबडतोब सांगितले, खुलना जिल्हाही सांगितला. देशाच्या रकान्यापाशी थांबले.

"जन्मलो तेव्हा हिंदुस्थान होता, सोडले तेव्हा पाकिस्तान, आता बांगलादेश. यातले काय लिहू, वकीलसाहेब?"