वेडे ठरवायचे कोणी?

वेडेपणासाठी मराठीत शब्दांची टंचाई नाही. खुळा, चक्रम, भ्रमिष्ट, पिसाट, अर्धवट! यांतले निम्मे शब्द आपण घरात लाडानेही वापरतो. क्रिकेटचे वेड कौतुकाचे, नाटकाचे वेड जरा महागाचे, विठ्ठलाचे वेड तर पुण्याचे. उलट ‘शहाणा’ हा शब्द टोमणा मारायला कामी येतो. ‘फार शहाणी आहेस!’ हे कोणत्याही सुनेला प्रशस्तिपत्र म्हणून मिळालेले नसते. शब्दच असे निसरडे असताना गमतीचे वेड संपून इस्पितळाचे वेड कोठे सुरू होते, हे ठरवायचे कोणी?

इतिहास पाहिला तर पुष्कळदा ते बलवानांनी ठरवले. अमेरिकेतल्या लुइझियाना प्रांतातील सॅम्युएल कार्टराइट या डॉक्टरने १८५१ साली ‘ड्रॅपेटोमेनिया’ नावाचा मनोविकार शोधून काढला. लक्षण एकच, गुलामाला मालकाकडून पळून जावेसे वाटणे! त्यावर त्याने सुचवलेल्या उपायांत चाबकाचे फटकेही होते. ही जुनी गोष्ट म्हणावी, तर समलैंगिकता अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या रोगांच्या यादीतून १९७३ मध्ये वगळली गेली आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतून १९९० मध्ये. कालचे रोगी आज निरोगी झाले, तेही एक गोळी न घेता!

म्हणून मानसिक आजार ही थापच आहे, असा अर्थ कोणी काढू नये. कानात सतत आवाज घुमणारा माणूस खऱ्या यातना भोगत असतो. त्याला औषध हवे असते, माणसे हवी असतात. त्याऐवजी साखळी मिळाली तर काय होते, ते तमिळनाडूतल्या एरवाडीने ऑगस्ट २००१ मध्ये दाखवले. बांधून ठेवलेले २५ हून अधिक रुग्ण आगीत होरपळून मेले. त्यांना पळता आले नाही.

आजार खरा असतो; पण त्याच्या नावाने आपण माणसाचे काय काय काढून घेतो, हा प्रश्न उरतोच. एका तालुक्याच्या गावी मी बँकेच्या शाखेत असताना एक गृहस्थ आले. ‘वहिनीचं डोकं ठिकाणावर नाही. तिला खात्यातून पैसे देऊ नका,’ म्हणाले. वहिनी विधवा, चार महिने मनोरुग्णालयात राहून आलेल्या. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः आल्या आणि पासबुकातली व्याजाची एक नोंद राहिल्याचे त्यांनी दाखवून दिले. नोंद खरेच राहिली होती. पैसे मोजून घेताना म्हणाल्या, ‘साहेब, जमिनीच्या कागदावर सही केली तर मी शहाणी. नाही म्हटलं की वेडी!’

कायदा त्या दिरांपेक्षा समजूतदार आहे. १८७२ च्या करार कायद्याचे बारावे कलम म्हणते, करार करताना तो समजण्याची आणि आपले हित-अहित ओळखण्याची कुवत असली की माणूस शहाणा. मनोरुग्णालयातला रुग्णसुद्धा शुद्धीवर असताना करार करू शकतो. दारूने तर्र झालेला प्रतिष्ठित नागरिक मात्र नाही! घटस्फोटाच्या एका खटल्यात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की, स्किझोफ्रेनियाचे नुसते नाव लावून भागत नाही, आजार किती तीव्र आहे ते पाहावे लागते. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आणखी पुढे गेला. समाजाच्या नैतिक वा राजकीय समजुतींशी न जुळणे, एवढ्यावरून कोणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही. घरचे नेत नाहीत, एवढ्याच कारणाने कोणाला रुग्णालयात ठेवताही येत नाही.

पण बरे होऊन परतलेल्या बाईला घरात पुन्हा कपाटाची किल्ली द्यावी, असा कायदा कोण करणार? तिला राग आला तर ‘झालं पुन्हा सुरू’ असे कुजबुजू नये, हे कोणत्या कलमात लिहिणार? निदान डॉक्टरांनी करावे. आपण एवढेच करावे, ‘तिच्या डोक्यावर परिणाम झालाय’ असे कोणी सांगू लागले की आधी विचारावे, ‘ती नेमकं कशाला नाही म्हणाली?’